आगीच्या कायद्यात आग विझवणाराही हवा : सोलापूरकरांना आवाहन

सोलापूरकर बंधू-भगिनींनो, नमस्कार.

आग विझवणाऱ्या जवानांची काळजीही राज्याच्या कायद्यात लिहिलेली असावी, हे आमच्या समितीचं मागणं. ते मांडण्याआधी आमच्या गल्लीची चूक कबूल करतो.

दोन उन्हाळ्यांपूर्वी आमच्याकडच्या एका मागाच्या शेडला रात्री आग लागली. शेड आपल्या पूर्व भागात असते तशीच. खाली आठ माग, मागं टॉवेलच्या गाठी, वर पत्र्याच्या माळ्यावर झोपलेली चार पोरं आणि पुढं एकच शटर. 101 ला फोन केला, बंब आला. पण गल्लीच्या तोंडाशी रिक्षा आडवी लावलेली आणि तिच्या पलीकडं लग्नाच्या मांडवाचा खांब. ड्रायव्हरनं दोनदा मागं-पुढं करून पाहिलं. शेवटी जवान पाइप खांद्यावर घेऊन पळत आत आले. रिक्षा आमच्यातल्याच एकाची होती. मांडवाला परवानगी घ्यावी लागते हे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. माळ्यावरची पोरं वाचली ती एकजण लघवीला उठला आणि त्याला वास आला म्हणून. यात आमची हुशारी काही नाही.

पहाटे एक जवान शेजारच्या ओट्यावर येऊन बसला. पन्नाशीला आलेला माणूस. हेल्मेट काढलं तर कपाळावर पट्ट्याएवढी पांढरी रेघ आणि तिच्या खाली सगळं काळं. शेजारच्या अक्कांनी चहा आणला, पण त्याला कप धरता येईना, बोटं थरथरत होती. "ठेवा अक्का खाली, पितो की मग," म्हणाला. मग खाकरला आणि नालीत थुंकला, तेही काळंच. आम्ही विचारलं, "मामा, ते पाठीवरचं हवेचं नळकांडं लावत नाही का ओ?" तो म्हणाला, "होतं की. संपलं."

संपलं म्हणजे काय, हे आम्हाला नंतर आमच्या समितीतल्या निवृत्त फायरमननी समजावून सांगितलं. सहा लिटरच्या नळकांड्यात 300 बार दाबानं साधारण 1800 लिटर हवा मावते. कागदावर ती पाऊण तास पुरते. पण गाठी उपसणारा माणूस धापा टाकत श्वास घेतो, त्याची हवा निम्म्या वेळातही संपू शकते. संपत आली की शिट्टी वाजते आणि बाहेर यावं लागतं. टॉवेलची आग तर वरून विझली तरी विझत नाही. घट्ट बांधलेल्या गाठीच्या पोटात ती तासन् तास धुमसते, वरून मारलेलं पाणी आत शिरत नाही. एकेक गाठ आकड्यानं ओढायची, सोडायची, उसकटायची, मग भिजवायची. ज्वाळा दिसेनाशा झाल्या की आपण घरी जातो. खरी मजुरी त्यानंतर सुरू होते आणि ती धुरातच चालते.

पाण्याचा हिशेबही असाच. 4500 लिटरच्या बंबातून एका नळीनं मिनिटाला 450 लिटर सोडले तर दहा मिनिटांत टाकी कोरडी. दुसरी नळी जोडली की पाच. ज्या शहरानं वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड पाणी भरलंय, तिथं आगीसाठीचं पाणी कुठून घ्यायचं हे आग लागण्याआधीच ठरलेलं असायला हवं.

18 मे 2025 ची पहाट कुणी विसरलं नसेल. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जण गेले. मालक, त्यांच्या घरातली माणसं, कामगार. त्यात दीड वर्षाचं लेकरू होतं. तिथं कोणाचं काय चुकलं हे ठरवणं आमचं काम नाही आणि त्या घरावर जे कोसळलं ते पाहून तशी इच्छाही होत नाही. घर आणि माग एकाच छताखाली, ही आपल्याकडची पिढ्यानपिढ्यांची रीत आहे. आमचे आजोबा हातमागाच्या खड्ड्याशेजारीच अंथरूण टाकायचे. पण तेव्हा मोटरी नव्हत्या, छतापर्यंत रचलेल्या गाठी नव्हत्या, वायरींवर रुईचा थर साचत नव्हता.

यावर कायदा नाही असं नाही. 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006' डिसेंबर 2008 पासून लागू आहे. आगीपासून बचावाची साधनं बसवायची आणि चालू ठेवायची जबाबदारी त्यानं मालकावर किंवा भोगवटादारावर, म्हणजे जागा वापरणाऱ्यावर, टाकली आहे. परवानाधारक संस्थेकडून तपासून घेऊन दर जानेवारीत आणि जुलैत 'फॉर्म ब', म्हणजे साधनं चालू असल्याचा दाखला, द्यायचा असतो. आम्ही गल्लीतल्या शेडवाल्यांना या फॉर्मबद्दल विचारलं. एकानं तो नळपट्टीचा कागद असावा असा अंदाज केला, बाकीच्यांनी तेवढाही केला नाही.

आणि हा कायदा मुख्यतः इमारतीकडं बघतो. आत शिरणाऱ्या माणसाचं काय? 74 व्या घटनादुरुस्तीनं बारावी अनुसूची आली, तिच्यात सातवा विषय अग्निशमन सेवा. म्हणजे हे काम पालिकांचं. दलात माणसं किती, बंब किती, प्रत्येकाला अंगावर घालायला सूट आहे का, हे ज्या त्या पालिकेच्या आकृतिबंधावर (मंजूर पदांच्या आराखड्यावर) आणि तिजोरीवर ठरतं. मुंबईची तिजोरी एक, सोलापूरची दुसरी, मंगळवेढ्याची तिसरी. मंगळवेढ्याच्या जवानाची फुप्फुसं मात्र मुंबईच्या जवानासारखीच असतात. केंद्रीय गृह मंत्रालयानं 2019 मध्ये अग्निशमन आणि आपत्कालीन सेवांसाठी आदर्श विधेयकाचा मसुदा राज्यांना पाठवला होता. आम्ही तो वाचला. त्यातलं सगळं पटलं असं नाही, पण बोलणी सुरू करायला हातात कागद आहे.

आम्हाला राज्याच्या कायद्यात काय हवं आहे? बंबावर किमान किती माणसं असल्याशिवाय तो आगीवर पाठवायचा नाही, हा आकडा राज्यानं ठरवावा. आत जाणाऱ्या प्रत्येकाला स्वतःच्या मापाचा सूट, हवेचं नळकांडं आणि सोबत भरलेलं दुसरं. वर्षातून एकदा फुप्फुसांची तपासणी, निवृत्तीनंतरही. या गोष्टींवर फार वाद होईल असं वाटत नाही, प्रश्न पैशाचा आहे. म्हणून तो पैसा राज्यानं द्यावा हेही कायद्यातच लिहा, असं आमचं म्हणणं.

यापुढची मागणी जास्त महत्त्वाची. काळबादेवीच्या 2015 च्या आगीनं मुंबई दलाचे चार अधिकारी नेले, त्यात दलाचे प्रमुखही होते. ती नावं दलाच्या नोंदीत राहतील. पण जो जवान निवृत्तीनंतर सहा वर्षांनी फुप्फुसाच्या किंवा मूत्राशयाच्या कर्करोगानं जातो, तो कोणत्या यादीत? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2022 मध्ये आग विझवण्याचं कामच पहिल्या गटात टाकलं, म्हणजे या कामातून माणसाला कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा आहे. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतानं त्याच्या वीस वर्षं आधी, 2002 मध्येच कायदा केला. ठराविक वर्षं नोकरी झालेल्या जवानाला ठराविक प्रकारचा कर्करोग झाला तर तो कामामुळेच झाला असं धरायचं. ज्याला ते मान्य नसेल त्यानं उलट सिद्ध करावं. असंच कलम इथं हवं, नाहीतर 1998 साली कोणत्या गोदामात कोणता धूर छातीत गेला हे त्याच्या बायकोनं कुठल्या कागदावर दाखवायचं?

आणि जिथं माणसं झोपतात अशा छोट्या शेडांना दुसरं दार. यासाठी आम्ही दंड मागत नाही, बिनव्याजी कर्ज मागतो. दंड लावला तर शेडवाला भिंत फोडणार नाही, तपासणीच्या दिवशी पोरांना नातेवाइकांकडं पाठवेल. आम्हाला हे ठाऊक आहे, कारण आमच्यातल्या काहींनी तेच केलंय.

हे सगळं विधिमंडळापर्यंत न्यायचं आहे. जिल्ह्यात विधानसभेचे 11 मतदारसंघ आहेत, अकराही आमदारांना भेटून निवेदन द्यायचं. विनंती अर्ज दाखल करायचा, लक्षवेधी (सभागृहात मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना) लावायचा प्रयत्न करायचा आणि एखाद्या सदस्यानं तयारी दाखवली तर अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या आमदारानं मांडलेलं. अशी विधेयकं क्वचितच मंजूर होतात, उगाच आशा दाखवत नाही. पण विधेयक चर्चेला आलं तर मंत्र्यांना सभागृहात उत्तर द्यावं लागतं आणि ते उत्तर छापील कामकाजात राहतं. पुढच्या वेळी त्यावर बोट ठेवता येतं.

आता तुमच्याकडून काय हवं ते.

सह्या हव्यात, पण वाचून केलेल्या. मागणीपत्र मराठीसोबत तेलुगू, कन्नड आणि उर्दूत छापतो आहोत. तिन्हीची मुद्रितं (छपाईआधीचे कच्चे कागद) तपासायला माणसं कमी पडताहेत. घरी बसून दोन संध्याकाळी दिल्या तरी काम होईल. कायद्याची भाषा येणारा एखादा वकील मसुद्यावरून लाल पेन फिरवायला मिळाला तर फारच बरं.

निवृत्त जवान आणि त्यांच्या घरचे यांनी कृपा करून पुढं यावं. जे नोकरीत आहेत त्यांना सेवानियमांमुळं जाहीर बोलता येत नाही, ती अडचण आम्ही जाणतो. तुमची ड्यूटी किती तासांची असायची, किती आगी झाल्या, आजारपण केव्हा सुरू झालं, एवढं सांगा. नाव छापू नका म्हणालात तर छापणार नाही.

शेडवाल्यांनो, आमची पोरं टेप घेऊन येतील. दार किती रुंद, मीटरची पेटी कुठं, गाठी कुठं रचल्यात, रात्री कुणी झोपतं का, बस. मालकाचं नाव आणि पत्ता लिहायचाच नाही असं ठरलंय, त्यामुळं नोटीस येईल ही भीती नको. सभागृहात कुणी विचारलं की "अशी शेडं आहेत तरी किती?", तर हातात आकडा असावा एवढ्याचसाठी ही मोजणी.

पैशाचं म्हणाल तर छपाई, झेरॉक्स आणि मुंबई-नागपूरच्या फेऱ्या धरून 60,000 रुपयांचा अंदाज आहे. शंभर रुपयेही चालतील. पावतीशिवाय घेणार नाही, हिशेब दर महिन्याला गल्लीच्या फळ्यावर लागेल. राजकीय पक्षांकडून आणि आग विझवायची सिलिंडरं विकणाऱ्यांकडून देणगी घ्यायची नाही असा समितीचा ठराव आहे. एका विक्रेत्यानं चांगली रक्कम देऊ केली होती, त्याला चहा पाजून परत पाठवलं.

14 एप्रिलला राष्ट्रीय अग्निशमन दिन असतो. 1944 साली त्या दिवशी मुंबईच्या गोदीत जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले कित्येक जवान मेले. बाबासाहेबांची जयंतीही त्याच दिवशी, त्यामुळं अग्निशमन दिनाकडं फारसं कुणाचं लक्ष जात नाही. तो आठवडा 20 तारखेपर्यंत असतो. तेवढ्या दिवसांत सह्या पुऱ्या करायच्या आहेत, म्हणजे पावसाळी अधिवेशनाआधी आमदारांच्या भेटी उरकतील.

सह्यांचे कागद आणि पावतीपुस्तकं घेऊन आमची माणसं रोज संध्याकाळी सहा ते आठ कन्ना चौकात आणि अशोक चौकात बसतील. मोजणीची पहिली फेरी माग बंद असतील त्या सुट्टीच्या सकाळी, आमच्याच गल्लीपासून. येताना टेप आणि टॉर्च आणा, माळ्यावर उजेड नसतो. आणि रिक्षा, मोटारसायकली कृपा करून बाहेरच्या रस्त्यालाच लावा.