तमाशातल्या झीलकऱ्यांचे अर्ज मार्गी लावणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
स. न. वि. वि.

राज्य सरकारकडून ज्येष्ठ कलावंतांना मिळणाऱ्या मानधनाचे अर्ज पंचायत समितीत तुमच्या टेबलावर येतात. 2024 पासून कलावंतांच्या अ, ब, क श्रेणी जाऊन सर्वांना सरसकट दरमहा 5000 रुपये झाले, हे चांगलेच झाले. पण अटीप्रमाणे कलेतली 15 वर्षे कागदावर सिद्ध करताना तमाशातला माणूस अडतो, आणि तिथेच तुम्ही उभ्या राहिलात.

हँडबिलावर नाव फडाच्या, म्हणजे तमाशा मंडळाच्या मालकाचे, फार तर सोंगाड्याचे आणि नाचणाऱ्या बाईंचे. मागे सूर धरणारा झीलकरी, हलगीवाला, तुणतुणेवाला कुठेच छापला जात नाही. आयुष्यभर फडावर राबूनही हाती पुरावा शून्य. तुम्ही फडातल्या कामाच्या दाखल्याचा नमुनाच करून दिलात: कोणत्या फडात, कोणत्या हंगामापासून कोणत्या हंगामापर्यंत, कोणते काम. ‘उत्कृष्ट कलावंत आहेत’ एवढ्याने निवड समितीला काही कळत नाही, हे प्रत्येकाला समजावलेत. सोबत दोन-तीन गावांच्या यात्रा कमिट्यांची पत्रे, आणि फोटो असेल तर मागे गाव व साल.

दुसरा घोळ नावाचा. फडावरचे नाव गावावरून पडते, आधारवर वेगळेच असते. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र अर्जासोबतच लावून घेतल्यामुळे त्रुटीसाठी कागद परत आले नाहीत.

उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत 31 मार्चला संपते आणि चैत्र-वैशाखात फड जत्रांमध्ये असतो. म्हणून आषाढात, माणसे घरी असताना, तहसीलचा दाखला काढून अर्ज भरायचा हा तुमचा सल्ला फार मोलाचा ठरला. जिल्ह्यातून वर्षाला 100 जणांचीच निवड होते. अर्धवट अर्ज मागे पडला की वर्ष गेले. साठी-सत्तरीतल्या माणसाचे वर्ष!

मंजुरीनंतरही तुम्ही हात सोडला नाहीत. पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात. अनेकांनी नंतर दुसऱ्या बँकेत खाते उघडलेले, आधार तिकडे जोडलेले, आणि जुने पासबुक कोरे. कोणते खाते जोडलेले आहे ते बँकेत आधी विचारायला लावलेत. हयातीचा दाखला राहिला की मानधन थांबते, तेही वेळेवर कळवत राहिलात. कलावंत गेल्यावर हयात पती वा पत्नीला मानधन मिळते, हे तर कित्येक घरांना ठाऊकच नव्हते.

एक विनंती. तुमची बदली झाली तर तो दाखल्याचा नमुना पुढच्यांच्या हाती नक्की द्या.

आपले कृतज्ञ,
तमाशा कलावंतांचे अर्ज भरणारे कार्यकर्ते