सिस्टर, ती लाल टोपी अजून आठवते

प्रिय सिस्टर,

नाव टाकत नाहीये, टाकलं तर फोन करून झापाल हे माहितीये. पण ज्यांनी तुमच्यासोबत नाईट केलीये त्यांना दोन ओळींत कळेल कोण ते. तोंडावर थँक्यू म्हणायला आले की तुम्ही "बरं बरं, ७ नंबरचं सलाईन संपत आलंय बघ" म्हणून पळवून लावायचात, त्यामुळे आता लिहूनच टाकते.

मी अहमदपूरकडची, जीएनएमची (नर्सिंगचा डिप्लोमा) ३ वर्षं करून पुण्यात आले. कॉलेजात असताना नाईट पोस्टिंग केलेली, पण तेव्हा आपण स्टुडंट, चुकलं तर बघायला कुणीतरी असतं. इथं दुसऱ्याच आठवड्यात ड्युटी लिस्टवर माझ्या नावापुढं सलग ६ नाईट, रात्री ८ ते सकाळी ८, वॉर्डात २२ पेशंट आणि आपण दोघी. पहिल्या ३ रात्री जोशात गेल्या, पण दिवसा झोपच येईना, आली तर ११ ला आईचा फोन, १२ ला कुरियरवाला, त्यात खिडकीतून ऊन सरळ तोंडावर, मग संध्याकाळी तसंच चुरचुरणारे डोळे घेऊन परत ड्युटीवर.

चौथी रात्र तुम्हाला आठवत असेल. पहाटे साडेपाच, कोपऱ्यातल्या बेडवरचे आजोबा, लाँग ॲक्टिंग इन्सुलिन १० युनिट. व्हायल (इन्सुलिनची बाटली) होती १०० ची, म्हणजे एका एमएलमध्ये १०० युनिट, आणि मी ट्रॉलीतून सिरिंज उचलली ४० ची, एमएलला ४० युनिटवाल्या इन्सुलिनसाठीची, लाल टोपीवाली. १० च्या रेघेपर्यंत नीट भरलं, बुडबुडा पण काढला, अगदी मन लावून चूक केली. ४० च्या सिरिंजवर १० ची रेघ म्हणजे पाव एमएल, आणि १०० च्या व्हायलमधलं पाव एमएल म्हणजे २५ युनिट. अडीचपट! हे मला येत नव्हतं असं नाही हो, परीक्षेत लिहून मार्क घेतलेले, पण त्या वेळेला डोक्यात काहीच शिल्लक नव्हतं.

इन्सुलिन दोघींनी बघितल्याशिवाय द्यायचं नाही हा तुमचा नियम, म्हणून ट्रे तुमच्यापुढं धरला. तुम्ही आवाज पण चढवला नाहीत, "टोपी कुठल्या रंगाची गं?" एवढंच. मी म्हटलं लाल. "आणि हवी कुठली?" केशरी, १०० ची. मग माझे हात जे थरथरायला लागले ते सकाळच्या स्टाफला ओव्हर देईपर्यंत थांबले नाहीत. आजोबांना इन्सुलिन तुम्ही दिलंत, मला तोंड धुवून यायला सांगितलंत, आणि आल्यावर पुढ्यात कागद ठेवलात, काय झालं ते लिही म्हणून. मला वाटलं संपलं, नोकरी गेली. तर तुम्ही म्हणालात की तू लिहिलं नाहीस तर उद्या दुसरी कुणीतरी त्याच ट्रॉलीतून तीच सिरिंज उचलणार. त्यानंतर ४० च्या सिरिंज वेगळ्या खणात गेल्या, अजून तिथंच आहेत.

आता ते जे मी कुणाला सांगितलेलं नाही. त्या रात्रीनंतर मी इतकी घाबरले की नाईट बंदच करून टाकायची ठरवली, एका मैत्रिणीनं सांगितलेल्या डॉक्टरांकडून मायग्रेनचं सर्टिफिकेट आणलं आणि मेट्रनकडं (आमच्या नर्सिंगच्या मुख्य) द्यायच्या आधी तुम्हाला दाखवायचा शहाणपणा केला. तुम्ही ते वाचलंत, घडी घातलीत आणि विचारलंत, "तुझी नाईट कुणाच्या डोक्यावर जाईल माहितीये?" जिच्यावर जाणार होती तिचं बाळ ८ महिन्यांचं होतं. मग म्हणालात, "खरंच झेपत नसेल तर मी येते मेट्रनकडं तुझ्यासोबत. फिट येणाऱ्या मुलीला, दिवस गेलेल्या मुलीला मी स्वतः नाईटमधून काढून दिलंय, जागरणानं फिट वाढते, त्यात लाज कसली. पण खोटा कागद नको. खोट्या कागदांमुळं खऱ्या आजाराच्या पोरींवर पण कुणी विश्वास ठेवत नाही."

सर्टिफिकेट मी फाडलं. आणि मग तुम्ही पेशंटची हिस्टरी घ्यावी तशी माझी घेतलीत. कितीला झोपतेस, शेवटचा चहा कितीला, रात्री काय खातेस, खोलीची खिडकी कुठल्या दिशेला? मी म्हटलं पूर्वेला. तुम्ही कपाळाला हात लावलात.

दुसऱ्या दिवशी रविवार पेठेत कापडगंजात नेऊन मीटरवर मिळणारं जाड काळं कापड घेऊन दिलंत, पैसे आजपर्यंत घेतले नाहीत. सकाळी बाहेर पडताना गॉगल, का तर सकाळचं ऊन डोळ्यात गेलं की शरीराला वाटतं दिवस उजाडला, मग झोप उडते. गॉगल लावून, युनिफॉर्मवर, विस्कटलेल्या वेणीत मी कशी दिसत असेन ते सोडा. रात्री २ नंतर चहा बंद, कारण चहाकॉफीचा अर्धा असर ५ तासांनी पण अंगात असतोच. १ वाजता बिर्याणी मागवणाऱ्या पोरांकडं बघायचं पण नाही, तुमच्या डब्यातली ज्वारीची भाकरी आणि मुगाची उसळ. ३ च्या सुमारास आळीपाळीनं २० मिनिटं डोळा लावायचा, आणि उठल्यावर १० मिनिटं औषधाच्या ट्रॉलीला हात लावायचा नाही, कारण माणूस उभा राहिला तरी डोकं मागून येतं (हे तुमचंच वाक्य). पहाटे थंडी वाजते ती एसीची नाही, त्या वेळी अंगाचं तापमानच दिवसभरातलं सगळ्यात खाली असतं, म्हणून ३ ते ५ मध्ये जो हिशोब करायचा तो मोठ्यानं वाचून, रेघेवर बोट ठेवून. मी अजून तसंच करते, नवीन आरएमओ (निवासी डॉक्टर) हसतात, हसू दे.

स्कूटीचं तर विसरलेच. स्वारगेटच्या सिग्नलला माझा डोळा लागला आणि मागच्या रिक्षावाल्या काकांनी हॉर्न मारून उठवलं हे मी हसत हसत सांगितलं, तर तुम्ही अजिबात हसला नाहीत, किल्ली घेऊन पर्समध्ये टाकलीत आणि म्हणालात नाईट असेल त्या आठवड्यात बस. पहिल्याच दिवशी पद्मावतीला उतरायचं ते झोपेत थेट कात्रजला पोचले, पण जिवंत पोचले.

आणि आईला फोन! माझ्या आईला तुम्ही स्वतः फोन करून सांगितलंत की ताई, तुमची लेक ११ वाजता झोपलेली असते, तुमच्या रात्री १२ ला तिनं फोन केला तर कसं वाटेल, तसं ते आहे, ५ नंतर करत जा. मी हेच ३ आठवडे सांगत होते पण माझं कोण ऐकतंय. आता आईच गावात सगळ्यांना दटावते. स्थळं घेऊन येणारे "मुलगी रात्रीची ड्युटी करते का" असं विचारतात त्यांना पण ती काय उत्तर देते ते इथं लिहिण्यासारखं नाही.

खोली बदलताना तुमचा सल्ला तर अस्सल पुणेरी होता, ज्या घरावर "दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये" अशी पाटी असेल तिथंच बघ. सगळं जग त्या पाटीवर जोक करतं, पण नाईट करणारीला विचारा त्या पाटीची किंमत. सहकारनगरमधल्या आमच्या काकूंकडं १ ते ४ कुकरची शिट्टी पण होत नाही.

एकदा मी घाबरून भरदुपारी तुम्हाला बातमी पाठवलेली, की जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २००७ ला नाईट शिफ्टचं काम "बहुधा कॅन्सरकारक" गटात टाकलं आणि २०१९ ला पुन्हा तपासून तिथंच ठेवलं. तुमचा रिप्लाय, "बहुधा म्हणजे नक्की नाही. पण प्रिंट काढून आण." ती प्रिंट घेऊन तुम्ही मेट्रनसमोर बसलात, सलग ३ पेक्षा जास्त नाईट नको आणि लिस्ट लावताना आधी मॉर्निंग, मग इव्हनिंग, मग नाईट, उलटं नको. ३ काही मिळाल्या नाहीत, ६ च्या ४ झाल्या. नर्सेस डेला केक कापून, गुलाब वाटून (नाईट स्टाफला तोही उरत नाही) जे झालं नव्हतं ते तुमच्या त्या एका प्रिंटनं झालं. आणि त्यानंतर ३ महिन्यांनी तुम्ही रिटायर, म्हणजे त्या ४ नाईटचा तुम्हाला स्वतःला काहीच उपयोग नव्हता हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

परवा नंदुरबारहून आलेली नवीन मुलगी लिनन रूममध्ये चादरींच्या गठ्ठ्यावर बसून रडत होती, तिसरी नाईट. मला काय बोलावं सुचेना, मग विचारलं, खिडकी कुठल्या दिशेला आहे गं तुझ्या खोलीची? तीपण पूर्वेलाच म्हणाली.

गुरुवारी आमचा दोघींचा ऑफ आहे, तिला कापडगंजात घेऊन जातेय. ते दुकान नक्की कुठल्या गल्लीत होतं मला आठवत नाहीये, तुम्ही याल का? ५ नंतर, आम्ही झोपून उठल्यावर. आणि या वेळी पैसे मी देणार.

तुमची,
७ नंबरचं सलाईन बघायला पळणारी