दादाचा गंधार

मडगाव, १९ डिसेंबर

प्रिय बंड्या,

तीन महिने पत्र नाही, शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत बरी. गुडघा तसाच.

यंदा नाताळला पुन्हा कोरेल्लीचा कॉन्चेर्तो, ओपस ६ मधला आठवा. पुढे दोन व्हायोलिन नि चेलो, मागे बाकीचे अकरा, आणि हार्प्सिकॉर्डच्या जागी दादाचा कीबोर्ड. ग्रेव्ह या संथ भागावर 'कोमे स्ता' छापलंय, म्हणजे आहे तसंच वाजवा. म्हणून मुरक्या घालणाऱ्यांना यंदा बोलावलेलं नाही. राग मानू नकोस.

घोळ आहे तो शेवटच्या भागात, पास्तोरालमध्ये. खाली 'जी' हा एकच सूर लांबत राहतो, वर दोन्ही व्हायोलिन जोडीने चालतात. नाताळात डोंगरातले मेंढपाळ रोममध्ये येऊन चामड्याच्या पिशवीचं वाद्य वाजवत, त्याचा हा धरलेला सूर. आपल्या हिशेबात तानपुरा. आणि तानपुऱ्यावर गंधार कुठे लागतो ते तुला सांगायला नको. इथे जी षड्ज, म्हणजे बी गंधार. पोरं कानाने तो बरोबर खाली घेतात, आणि नेमक्या त्याच क्षणी दादा उजव्या हाताने जी मेजरचा भरगच्च कॉर्ड (जी-बी-डी एकत्र) दाबतो. कीबोर्डचा बी शुद्ध गंधारापेक्षा १४ सेंट, म्हणजे अर्ध्या सुराचे १४ शतांश, चढा. वर आपण ए वरून पंचमा-पंचमाने उतरत डी, जी लावतो, त्यात प्रत्येक पंचमाला दोन सेंट जातात, म्हणजे आपला जी कीबोर्डपेक्षा चार सेंट खाली. एकूण फरक १८. मधल्या बी वर सेकंदाला पाचेक हिसके ऐकू येतात, आणि दगडी चर्चच्या घुमाऱ्यात ते विरतही नाहीत. पेटीचे सूरही असेच ठरलेले, १९४० साली रेडिओने ती हद्दपार केली ती उगाच नाही, असं सर म्हणायचे तेव्हा आपण मागच्या बाकावर हसायचो.

तू म्हणशील, मीनटोनचं, म्हणजे गंधार शुद्ध ठेवणाऱ्या जुन्या जुळणीचं, बटण दाब. दाबलं. पास्तोराल गोड झालं, पण मधला अडाजियो ई-फ्लॅटमध्ये आहे, तिथे ए-फ्लॅट लागतो आणि त्या पट्टीवर बसलेला असतो जी-शार्प, ४१ सेंट खाली. कुत्रं रडल्यासारखं. २०११ च्या भांडणात मी हेच म्हणत होतो, आता तरी मान.

उपाय साधा आहे. सूर लावताना कीबोर्डवरून नुसता ए न घेता जी पण घ्यायचा, म्हणजे ते चार सेंट गेले. व्हायोलिनचा जी मोकळी तार, बोटाने सरकवता येत नाही, म्हणून हे आधीच करायला हवं. आणि पास्तोरालभर दादाने बी ला हात लावायचा नाही, डाव्या हाताने नुसता खालचा जी धरून गप्प. लांब खर्जावर नुसता बास वाजवायची पद्धत जुनीच आहे, टास्टो सोलो म्हणतात, त्यात अपमान काही नाही.

पण हे दादाला सांगायचं कोणी? मी आडून म्हणालो, "बी जरा हलका ठेवा." त्याने आवाजाचं बटण कमी केलं!

बाकी किरकोळ. संध्याकाळी दमट हवेत खुंट्या फुगून अडतात, सकाळच्या कोरड्या वाऱ्यात त्याच घसरतात, खडू लावून ठेवलाय. दमट हवेत गजाचे (बो) केस सैल पडतात, म्हणून वाजवायच्या आधी ताण पुन्हा बघायचा आणि वाजवून झालं की स्क्रू सैल करायचा, पोरं हमखास विसरतात. नव्या तारा आठवडाभर आधीच घातल्या, एकेक करून. सगळ्या एकदम उतरवल्या तर आतला साउंडपोस्ट, म्हणजे नुसती दाबून उभी केलेली काडी, पडतो, मग त्याला चिमटा घालून शोधत बसा. पंख्याखाली पानांना कपड्याचे चिमटे. पास्तोरालच्या वेगाचं तुझं म्हणणं खरं होतं, ठोके बारा मोजायचे पण ऐकू चारच यायला हवेत.

वहिनींची बदली झाली का? पोराच्या दहावीचं काय? कळव.

आणि शनिवारच्या आत दादाला फोन कर. तुझं ऐकतो तो. बी चं नाव काढू नकोस, नुसतं विचार, "पास्तोराल टास्टो सोलोच करताय ना?"

तुझा,
चेलोवाला