ढाबळीचे दुःख आणि ससाण्याचा जीव

महोदय,

कोल्हापुरात गेली तीस वर्षे माझी कबुतरांची ढाबळ आहे. गेल्या पौषात सकाळी साडेआठच्या सुमारास माझी चौदा गिरेबाज कबुतरे उंचावर फिरत असताना बहिरी ससाण्याने झडप घातली आणि सहा वर्षे जिवापाड सांभाळलेली काबरी मादी माझ्या डोळ्यांदेखत नेली. शेजारच्या पत्र्यावर तिची मूठभर पिसे उरली होती आणि ढाबळीत तिची दोन पिल्ले चोची उघडून बसली होती. त्याच संध्याकाळी एका जाणत्या शौकिनाने मला सल्ला दिला, की एखाद्या टाकाऊ कबुतराला विष चोळून सोडा. हे ऐकून मला मादी गेल्यापेक्षाही अधिक वाईट वाटले.

असे कबूतर ससाण्याच्याच तोंडी पडेल, याची खात्री कोण देणार? ते घारही खाईल, गल्लीतले मांजरही खाईल. शिवाय बहिरी ससाणा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत असून त्याच्या शिकारीस किमान तीन वर्षांच्या कैदेची तरतूद आहे.

ब्रिटनमध्ये १९६० च्या सुमारास शर्यतीची कबुतरे पाळणाऱ्यांनी ससाणे फार वाढल्याची तक्रार करून त्यांचे संरक्षण काढण्याची मागणी केली होती. त्यामुळे पक्षी-अभ्यासक डेरेक रॅटक्लिफ यांनी देशभर पाहणी केली, तेव्हा ससाणे वाढणे दूरच, त्यांची कित्येक कडेकपारींतील घरटी ओस पडल्याचे आढळले. डीडीटीसारखी शेतात वापरली जाणारी कीटकनाशक विषे दाणे टिपणाऱ्या पाखरांवाटे, त्यात कबुतरेही आली, ससाण्यांच्या अंगात भिनत होती आणि अंड्यांची कवचे पातळ होऊन फुटत होती. आपणही न परतलेले प्रत्येक कबूतर ससाण्याच्या नावावर मांडतो. धुके, विजेच्या तारा आणि नायलॉनचा मांजा यांचा हिशेब कोणी ठेवत नाही.

बाहेरून येणारा बहिरी साधारण कार्तिकात येतो आणि फाल्गुनात परततो. तेवढे महिने जोडीची कबुतरे जाळीच्या पिंजऱ्यात ठेवावीत आणि बाकीची रोज ठरल्या वेळी उडवू नयेत, कारण ती वेळ ससाणाही शिकतो. मी आता असेच करतो. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी शिकारी पक्ष्यांना विष घालणाऱ्यास किंवा फासे लावणाऱ्यास कायमचे बाद करण्याचा नियम करावा आणि वनखात्याच्या कर्मचाऱ्यांनी थंडीपूर्वी एकदा तरी आमच्या ढाबळींपर्यंत यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

– एक कबूतरपालक, कोल्हापूर