आडवा का असायचो, ते

श्टुटगार्ट, ९ फेब्रुवारी

ती. आई-अण्णांना सा. न.

दोन महिने कॉलवर मी कायम आडवा, आणि अण्णा म्हणायचे, "तिकडं जाऊन आळशी झाला." आळस नव्हता, अण्णा. उठून बसलो की पाच-दहा मिनिटांत डोक्याच्या मागून ठणका सुरू व्हायचा, आडवा झालो की उतरायचा. आता बरा आहे म्हणून सांगतोय. आधी सांगितलं असतं तर आईनं जेवण सोडलं असतं.

कण्यातल्या आवरणाला बारीक भोक पडून मेंदूभोवतीचं पाणी झिरपत होतं. ते असतंच मुळी दीडशे मिलीच्या आसपास. पण चौदाशे ग्रॅमचा मेंदू त्यात तरंगतो, तेव्हा वजन पन्नासेक ग्रॅमचंच भरतं. चोपड्याच्या मळ्यातली विहीर आठवा. कळशी पाण्यात असते तोवर बोटानं हलते, वर आली की दोर तळहाताला कापतो. तसा मेंदू खाली बसला नि वरच्या शिरा ताणल्या. एमआरआयमध्ये दोन्ही बाजूंना रक्ताचा पातळ थर निघाला. डोळ्याची एक नसही ओढली गेली. रस्त्यापलीकडे ट्राम एकच, मला शेजारी-शेजारी दोन दिसायच्या.

रक्ताचं ऐकून माझी गाळण उडाली. डॉक्टरीणबाई मात्र म्हणाल्या, कवटीला हात लावायचा नाही. गळती तशीच ठेवून रक्त काढलं तर मेंदू आणखी खाली बसेल. मग हातातून माझंच वीस मिली रक्त घेतलं आणि कमरेत, आवरणाच्या बाहेरून सोडलं. ते गोठून ठिगळ होतं. सायकलचं पंक्चर काढतात तसंच की!

आणि ताईला सांगा. सिझेरियननंतर तिला बसून बाळाला पाजता येईना, आपण 'वारं शिरलं' म्हणून कानाला फडकं बांधलं, काकू तर 'नाटकं' म्हणाली. कमरेतल्या इंजेक्शनच्या भोकातूनही हेच पाणी गळतं. तिचं आपसूक बुजलं असणार.

दिसायच्या त्या दोन ट्राम आता एक झाल्या. रक्त जिरतंय, पुढच्या महिन्यात पुन्हा एमआरआय आहे. तोवर वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. तेव्हा येणाऱ्या पाहुण्यांकडे कळण्याचं पीठ दोनच किलो द्या, आई. पिशवी चार जिने मलाच चढवायची आहे.

तुमचा,
भूषण