‘एमएफए येते ना?’ हा प्रश्न अपुरा आहे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

व्यवसायासाठी ई-मेलची वर्गणी घेणारे हल्ली विक्रेत्याला आठवणीने विचारतात, ‘यात एमएफए (मल्टी-फॅक्टर ऑथेंटिकेशन, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी पडताळणी) येते ना?’ उत्तर ‘हो’ असे येते आणि विषय तिथेच मिटतो. उत्तर खोटे नसते. गूगल वर्कस्पेस, मायक्रोसॉफ्ट ३६५ आणि झोहो मेल या तिन्हींच्या स्वस्तातल्या योजनेतही पासवर्डनंतरची दुसरी पडताळणी असते, तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. पण सोय असणे, ती सगळ्यांना सक्तीची असणे आणि तिला बगल देऊन आत शिरता न येणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. वर्गणीच्या पानावरची बरोबरची खूण फक्त पहिलीबद्दल बोलते.

वर्कस्पेसमध्ये प्रशासकाने अ‍ॅडमिन कन्सोल उघडून सिक्युरिटी, ऑथेंटिकेशन, टू-स्टेप व्हेरिफिकेशन असे जायचे. तिथे मुभा आणि सक्ती यांचे पर्याय वेगळे आहेत. नुसती मुभा दिली तर ज्याला वाटेल तोच ती चालू करतो, आणि बहुतेकांना वाटत नाही. सक्ती ठरावीक तारखेपासून लावता येते. दोन आठवड्यांनंतरची तारीख द्यावी आणि तोवर नोंदणी न केलेल्यांची यादी रोज पाहावी, कारण तारीख उलटली की असा माणूस खात्याबाहेर अडकतो. नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी नोंदणीची मुदत वेगळी ठरवावी लागते. ती दिली नाही तर पहिल्याच दिवशी लॉगिन होत नाही. मग कोणीतरी वैतागून सगळ्यांचीच सक्ती काढून टाकतो, आणि ती पुन्हा लावायचे राहून जाते.

मायक्रोसॉफ्टकडे ‘सिक्युरिटी डिफॉल्ट्स’ नावाचा एकच खटका आहे आणि तो सर्व योजनांत फुकट आहे. ऑक्टोबर २०१९ नंतर उघडलेल्या खात्यांत तो बहुधा आधीपासून चालू असतो, त्याआधीच्या खात्यांत मात्र मुद्दाम तपासावा. एन्ट्रा प्रशासन केंद्रात (मायक्रोसॉफ्टची खाती सांभाळण्याचे पान) ओव्हरव्ह्यू, मग प्रॉपर्टीज, आणि तळाशी मॅनेज सिक्युरिटी डिफॉल्ट्स. तो चालू केला की प्रत्येकाला कोड किंवा मंजुरी देणाऱ्या, फोनवरच्या ऑथेंटिकेटर अ‍ॅपमध्ये नोंदणी करावीच लागते. पूर्वी ही नोंदणी १४ दिवस पुढे ढकलता येत असे, ती सवलत २०२४ मध्ये गेली.

‘एमएफए हवी तर बिझनेस प्रीमियम घ्या’ असे सांगितले जाते, ते अर्धेच खरे आहे. कार्यालयाच्या नेटवर्कवर विचारू नये, बाहेरून आल्यास विचारावे, अमुक खाते वगळावे असे बारीक नियम हवे असतील तर कंडिशनल अ‍ॅक्सेस लागते. त्याला एन्ट्रा आयडी पी१ हा परवाना हवा. तो प्रीमियममध्ये असतो, बेसिक आणि स्टँडर्ड या स्वस्त योजनांत नसतो. नुसती सक्ती करायला त्याची गरज नाही. उलट प्रीमियम घेतल्यावर एक नवीच चूक होते. सिक्युरिटी डिफॉल्ट्स आणि कंडिशनल अ‍ॅक्सेस एकत्र चालत नाहीत, म्हणून पहिले बंद केले जाते. नवा नियम मात्र ‘रिपोर्ट-ओन्ली’ अवस्थेतच राहतो. म्हणजे तो नोंदी ठेवतो, अडवत कोणालाच नाही. महागडी वर्गणी घेऊन संरक्षण आधीपेक्षा कमी, असा हा प्रकार.

वेबसाइटच्या होस्टिंगबरोबर मिळणाऱ्या मेलची गोष्ट निराळी. तिथे ‘टू-फॅक्टर आहे’ हे उत्तर बऱ्याचदा होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलच्या लॉगिनबद्दल असते, कर्मचाऱ्यांच्या मेलपेट्यांबद्दल नसते. आणि वेबमेलला दुसरी पायरी असली तरी मेल प्रोग्रामसाठीच्या वाटा, म्हणजे मेल वाचायला आयमॅपचे ९९३ व पॉपचे ९९५ आणि पाठवायला एसएमटीपीचे ५८७ ही पोर्टे, नुसत्या पासवर्डवर उघडत असतील तर चोर ब्राउझरच्या वाटेने येतोच कशाला? खरी अडचण इथे आहे. आयमॅपच्या साध्या लॉगिनमध्ये नाव आणि पासवर्ड एवढेच जाते, कोड विचारायला जागाच नसते. म्हणूनच मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२२ पासून एक्स्चेंज ऑनलाइन या आपल्या मेलसेवेतली ही जुनी पद्धत बंद करायला घेतली, पण मेल पाठवण्याची एसएमटीपीची वाट तेव्हा त्यातून वगळली होती.

कोड विचारू न शकणाऱ्या जुन्या मेल प्रोग्रामसाठी खात्याच्या पासवर्डऐवजी चालणारे ‘अ‍ॅप पासवर्ड’ काढले जातात. गूगलचा असा पासवर्ड १६ अक्षरांचा असतो आणि त्याला दुसरी पायरी लागत नाही. एमएफए लावल्यानंतर प्रत्येक खात्यावरचे अ‍ॅप पासवर्ड पाहून नको असलेले रद्द करावेत. हे काम जवळजवळ कोणीच करत नाही.

स्कॅन करून थेट मेल करणारी यंत्रे सक्तीच्या दिवशी हमखास बंद पडतात, कारण त्यांच्यात एखाद्या कर्मचाऱ्याचे नाव-पासवर्ड भरलेले असते. त्यासाठी त्या कर्मचाऱ्याला सवलत देऊ नये. कार्यालयाला स्थिर आयपी (इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता) असेल तर एसएमटीपी रिले, म्हणजे यंत्राचा मेल पुढे पाठवणारी सोय, लावावा. त्यात ओळख पासवर्डऐवजी आयपीवरून पटते. ही सोय गूगल आणि मायक्रोसॉफ्ट या दोन्ही सेवांत आहे.

सामाईक पत्त्यांचाही असाच घोळ. चौकशी किंवा हिशेब विभागाच्या पत्त्याचा एकच पासवर्ड चौघांकडे असतो आणि कोड येतो एकाच्या फोनवर. तो रजेवर गेला की काम अडते, म्हणून त्या खात्याची एमएफए काढली जाते. नेमक्या त्याच पेटीत बिले येत असतात. मायक्रोसॉफ्टमध्ये शेअर्ड मेलबॉक्स करावा. ५० जीबीपर्यंत त्याला वेगळा परवाना लागत नाही, प्रत्येक जण स्वतःच्या लॉगिनने तो उघडतो आणि त्या पेटीचे थेट लॉगिन बंद ठेवता येते. गूगलमध्ये हेच काम ग्रुप किंवा मेल डेलिगेशनने (आपली पेटी दुसऱ्याला त्याच्या लॉगिनने वापरू देणे) होते.

दुसरी पायरी कोणती, यालाही महत्त्व आहे. एसएमएसचा कोड सर्वांत कच्चा, कारण दुसरे सिम काढून नंबर पळवता येतो. अ‍ॅपमधला सहा आकडी कोड दर ३० सेकंदांनी बदलतो. तो फोनच्या घड्याळावर चालतो, त्यामुळे ‘कोड चुकीचा’ असे वारंवार येत असेल तर आधी फोनची वेळ आपोआप जुळते आहे का ते पाहावे. नुसत्या ‘मंजूर करा’ सूचनांचा भडिमार करून माणसाला कंटाळवण्याची युक्ती चालू लागली, म्हणून मायक्रोसॉफ्टने मे २०२३ पासून पडद्यावरचा आकडा अ‍ॅपमध्ये भरणे सक्तीचे केले. तरीही हुबेहूब लॉगिन पान दाखवून कोड आणि त्यामागोमाग लॉगिनची कुकी (लॉगिन झाल्याची ब्राउझरमधली खूण) उचलणारे लोक आहेत. सिक्युरिटी की (लॉगिनसाठी जोडायचे छोटे उपकरण) आणि पासकी (फोन किंवा संगणकात साठवलेली तशीच किल्ली) मूळ संकेतस्थळाच्या नावाशी बांधलेल्या असल्याने नकली पानावर त्या चालतच नाहीत. सगळ्यांना जमत नसेल तर निदान प्रशासक आणि पैशांचे व्यवहार पाहणारे यांना प्रत्येकी दोन की द्याव्यात, एक वापरायला आणि एक तिजोरीत ठेवायला.

फोन बदलतो, हरवतो, पाण्यात पडतो. गूगल प्रत्येक खात्याला आठ आकडी १० बॅकअप कोड देते. ते कागदावर छापून ठेवावेत, त्याच फोनच्या फोटोंत नव्हे. प्रशासक एकटाच असू नये. मायक्रोसॉफ्ट तर आणीबाणीसाठी दोन वेगळी खाती ठेवायला सांगते. ‘फोन हरवला, एमएफए काढून द्या’ असा फोन आला तर आधी ओळखीच्या नंबरवर उलट फोन करावा. ही विनंती करणारा दर वेळी तो कर्मचारीच असतो असे नाही.

खाते एकदा फोडले गेले असेल तर नंतर एमएफए लावून भागत नाही. आधी चालू सत्रे बंद करावीत, पासवर्ड बदलावा, मग फॉरवर्डिंग, इनबॉक्समधले नियम आणि परवानगी दिलेली बाहेरची अ‍ॅप्स तपासावीत. बिलांचे मेल गुपचूप बाहेर पाठवणारा नियम पासवर्ड बदलल्यावरही चालू राहतो.

एवढे सगळे करूनही एक खाते नजरेतून सुटते. डोमेन ज्याच्याकडे नोंदवले आहे तिथले लॉगिन बऱ्याचदा वेबसाइट करून देणाऱ्या माणसाच्या नावावर असते, नुसत्या पासवर्डवर. ते ज्याच्या हाती लागेल तो एमएक्स नोंद (डोमेनचा मेल कुठे पोचवायचा ते सांगणारी नोंद) बदलून येणारा सारा मेल स्वतःकडे वळवू शकतो, आणि त्याला मेलसेवेच्या एमएफएशी गाठच पडत नाही. वर्गणीचे नूतनीकरण करताना विक्रेत्याकडून त्या खात्याचाही ताबा लेखी मागून घ्यावा, आणि तिथेही दुसरी पायरी लावावी.

आपला,
एक मेल-व्यवस्थापक