मॅडम, गप्प बसायला शिकवलंत म्हणून

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

पुरानं हादरलेल्या माणसांशी कसं बोलायचं, हे तुम्ही कोल्हापुरात शिबिर घेऊन आम्हा समुपदेशकांना शिकवलंत, त्याबद्दल हे पत्र. जाहीरपणे लिहितेय, कारण या कामाची माहिती चार लोकांना व्हायला हवी.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ५५ फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी ४३ फूट. २०२१ च्या जुलैत पुन्हा महापूर. पाणी ओसरलं, पंचनामे झाले, पण आभाळ भरून आलं की आंबेवाडी-चिखलीकडच्या कित्येकांचा जीव अजून थाऱ्यावर राहत नाही. अशा माणसाला सगळं बोलतं करा, मन मोकळं होईल, असं सगळेच सांगतात. तुम्ही मात्र बजावलंत, की घाव ताजा असताना प्रसंग खोदून खोदून वदवून घ्यायचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेचंही तेच सांगणं आहे. आधी निवारा, झोप, आपली माणसं. बोलायचं की नाही, किती बोलायचं, हे त्याचं त्यानं ठरवायचं.

तुम्ही खुर्च्यासुद्धा आम्हाला मांडायला लावल्यात. येणाऱ्याला दार दिसलं पाहिजे, वाटेल तेव्हा उठून जाता आलं पाहिजे.

शिबिरानंतर एक मावशी आल्या. छातीत धडधड, ईसीजी नॉर्मल. मी पुराचं काहीच विचारलं नाही. "पाऊस लागला की रात्री झोप लागते का?" एवढंच. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग म्हणाल्या, "म्हशींची दावी सोडली ओ मी. दोन आल्या न्हाईत." पुढं काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात आपणहून आल्या.

त्या जोतिबाला नवस बोलून आल्या होत्या. तुम्ही शिकवल्याप्रमाणे मी तो विषय झटकला नाही. डोंगरावर गेल्यावर कसं वाटतं ते विचारलं. तुमची रेषाही तितकीच स्पष्ट होती: श्रद्धेचा आधार जपायचा, पण बाहेरची बाधा म्हणून कुणी मारहाण करत असेल, उपचार तोडत असेल, तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि तिथं गप्प बसायचं नाही.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. मदत वाटताना आमच्या वस्तीला शेवटी बोलावलं, असं कुणी सांगितलं तर ती तक्रार म्हणून बाजूला ठेवू नका, तोही घावच आहे, असं तुम्ही म्हणालात. जातीचा अपमान समुपदेशनाच्या खोलीत इतक्या सरळपणे कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

रात्री-अपरात्री कुणाला गरज पडली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आता आम्ही प्रत्येकाला लिहून देतो.

पावसाळ्याआधी शिरोळ भागातल्या आशाताईंसाठी असंच शिबिर घ्यायचं आमच्या मनात आहे. तुम्ही याच, मॅडम. उतरायला आमच्याच घरी.

आपली,
कोल्हापूरची एक समुपदेशक